चेहरा तुझा, पिवळं माझं

५ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी घाबरली असशील. बाबा ठीक आहेत. झटका आल्यापासून बोलता येत नाही ते येत नाहीच, पण जेवतात, वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या प्रत्येक कामावर भुवया वर करतात. म्हणजे तब्येत उत्तम.

कामाचं बोलते. आपल्या चर्चची वेदीमागची मोठी खिडकी मला मिळाली आहे. वादळात फुटली तीच. इतकी वर्षं तिथे पत्रा ठोकलेला होता. मेलेल्यांतून उठलेला प्रभू येशू, दोन्ही हात पुढे केलेला, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच. पाळक स्वतः येऊन सांगून गेले. झगा कापून झाला, हात झाले, पायाखालचं गवत झालं, शिशाच्या पट्ट्या ओढून ठेवल्यात. चेहरा तेवढा राहिलाय. तो तू काढून पाठवावास असं मनात आहे.

मला येत नाही म्हणून नव्हे, गैरसमज नको. भट्टीचं काम निघालंय, मदतनीस गावाला गेलाय, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. शिवाय बाबांचा नियम आहेच. चेहरा एकाच्या हातचा आणि डोक्यामागचं तेजोवलय दुसऱ्याच्या हातचं, म्हणजे देव मी केला असं कोणाला म्हणता येणार नाही. आधी चेहरा बाबांचा आणि पिवळं आईचं असायचं. मग चेहरा तुझा आणि पिवळं माझं. तू लग्न करून गेलीस आणि चेहऱ्यांचं कामच बंद झालं. मी आपली फुलं आणि कोकरं करत बसले.

दुसरी गोष्ट. तू चर्च सोडलंस, आणि त्या शिंप्याच्या दुकानावरच्या मंडळात जातेस, जिथे येशू हा एक चांगला माणूस होता, देव नव्हता असं शिकवतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पाळकांनाही. तेव्हा चेहरा तुझा आहे हे मी कोणाला सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस.

नाही म्हणालीस तरी माझं काही अडत नाही.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

चार वर्षांनी पत्र आलं आणि त्यातही थाप. भट्टीचं काम निघालंय म्हणे. किती चेहरे फोडलेस ते सांग.

तू चेहरा कसा काढतेस ते मला पाठ आहे. आधी भुवया पक्क्या करतेस, मग त्या भुवयांना शोभेल असा माणूस शोधत बसतेस. अगं, काचेवर आपण काही काढत नाही. सगळीभर काळोख फासतो आणि कोरड्या ब्रशनं हळूहळू उजेड मोकळा करतो. बाबांनी दोघींना एकाच टेबलावर शिकवलं. तुला फासलेलं पुसायचं जिवावर येतं, म्हणून तुझे सगळे प्रभू रागावलेल्या हेडमास्तरसारखे दिसतात.

काढते मी. नाहीतरी सध्या हॉटेलच्या न्हाणीघरांच्या दारांवर बगळे काढतेय. दिवसभर बगळे, एका पायावर. नवरा म्हणतो, तुझ्या ताईनं विचारलं म्हणजे खरंच गळ्याशी आलं असणार.

पण आधीच सांगते. मी माणूस काढणार. त्याला भूक लागायची, तो थकायचा, पकडलं त्या रात्री मित्र झोपून गेले तेव्हा त्याला वाईट वाटलं, तो घाबरला, आणि खिळे ठोकले तेव्हा त्याला दुखलं. तो देव होता म्हटलं की हे सगळं मला नाटक वाटायला लागतं. देवाला खिळ्यांचं काय? मला त्याचं दुखणं खरं हवंय ताई. ते खरं नसेल तर मला त्याचा काही उपयोग नाही. डोक्यामागे पिवळं लावून त्याला देव करायचा तो तू कर, तो भाग तसाही तुझाच.

बाबा माझं नाव निघालं की काय करतात? चमचा ताटलीवर वाजवतात का अजून? तुला रोज बघायला मिळतात ते. मला इथे बगळे.

ठकी

२३ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

तीन फोडले. झालं समाधान? तिसरा तर भट्टीतून चांगला बाहेर आला होता, मीच हातोडी घातली. बाबांनी भुवया वर केल्या नाहीत, डोळे मिटून घेतले. ते जास्त लागलं.

तुझं नाव निघालं की बाबा चमचा वाजवतात, हो. तुझा लग्नातला फोटो त्यांच्या उशाशी आहे. अंघोळ मी घालते, दाढी मी करते, औषधं मी देते, आणि डोळे उघडले की बघतात तुझ्याकडे. मी जळते. सरळ सांगते, उगाच कशाला झाकायचं. लहानपणीही तू रांगोळी सांडल्यासारखा रंग सांडायचीस आणि त्यातून डोळे नाक तयार व्हायचं, आणि मी पट्टीनं आखून आखून बटाटा काढायचे.

आता तुझ्या नाटकाचं. ज्याला एका शब्दात टाळता आलं असतं त्यानं टाळलं नाही, हे दुखणं कमी की जास्त? आपल्याला टाळता येत नाही म्हणून आपण सोसतो, त्यात काय मोठं? तुमच्या मंडळात हे कोणी विचारत नाही वाटतं.

आणि एक सांग. तो नुसता माणूस असेल तर मेला, संपलं. मग आमचे हे अपघातात गेल्यापासून रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी मी ज्याच्याशी बोलते तो कोण? सगळं सांगते मी त्याला. बिलं, बाबांचं पोट, माझे गुडघे, तुझा राग. ऐकणारं कोणी नसेल तर मी वेडी ठरते. तुझ्यासाठी हा वादाचा विषय असेल. माझा दिवस त्यावर उभा आहे. तेव्हा जरा जपून बोल.

मापाचा कागद सोबत आहे. चेहरा आणि तेजोवलय एकाच बिनरंगी काचेवर घ्यायचंय. तू पुढच्या बाजूनं चेहरा काढ, भाजून पक्का कर आणि भोवतीचं गोल मोकळं ठेव. पिवळं मी नेहमीसारखं मागच्या बाजूनं लावीन. खिडकी पूर्वेची आहे, ऊन सकाळचं येणार.

ताई

२७ मार्च

प्रिय ताई,

खोका टेम्पोवाल्याबरोबर पाठवलाय. भुशात घातलीय काच, वर माझं जुनं स्वेटर आहे, ते परत पाठवायची गरज नाही.

मी एकच काढला, एकदाच. पुसायची वेळच आली नाही. सगळीभर तपकिरी फासलं आणि ब्रश हातात घेतला तर आत चेहरा होताच. माणसाचा आहे, कबूल केल्याप्रमाणे. कोणाचा ते विचारू नकोस. एका दुपारी बघितलेला, तेव्हापासून माझ्याजवळ आहे.

खाली ठेवून बघू नकोस, उजेडात धर. आणि पोचल्यावर कसा वाटला ते नीट लिही. मी वाट बघतेय.

ठकी

९ एप्रिल

ठकी,

पोचला. फुटला नाही. ठीक आहे.

ताई

१८ एप्रिल

ताई,

"ठीक आहे." एवढंच? मी बगळ्यांनाही याहून बरं बोलते.

तुला आवडला नसेल तर तसं लिही. आवडला असेल तर दातखीळ बसल्यासारखं का करतेस? तुझं हे जुनंच आहे. मला बक्षीस मिळालं की तुला त्याच दिवशी ताप यायचा.

इकडे माझी शोभा झाली. नवऱ्यानं कौतुकानं मंडळात सांगून टाकलं. आमचे मास्तर, जे मंडळ चालवतात, गरीब माणूस, कोणाला कधी टाकून बोलत नाहीत, ते म्हणाले, "ज्याला लोक देव म्हणून हात जोडणार, तो चेहरा तुम्ही केलात?" मी म्हटलं, मी माणूसच केलाय, त्याला देव माझी बहीण करते, पिवळ्याची बाटली तिच्याकडे असते. कोणी हसलं नाही. आता काही दिवस मी वाचन करायचं नाही असं ठरलंय. म्हणजे तुझ्या चर्चमध्ये माझं नाव घ्यायचं नाही आणि माझ्या मंडळात मी तोंड उघडायचं नाही. बरं झालं ना?

एक लिहिते, मग तू काय हवं ते म्हण. मंडळात आम्ही त्याच्यासारखं कसं वागावं याचा विचार करतो. माणसं चांगली आहेत, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावतात. पण घरी परत येताना कधी कधी मला तू आठवतेस, भट्टीसमोर उभी राहून बडबडणारी. तुझं ऐकणारा कोणी आहे असं तुला वाटतं. मी बोलले तर माझं बोलणं छताला लागून खाली येतं. बाबा तुझ्याकडे आहेत म्हणून मी जळते असं तुला वाटत असेल. तेही आहे. पण या दुसऱ्या गोष्टीवरून जास्त जळते.

आता तरी लिही.

ठकी

१२ मे

ठकी,

खिडकी बसली. गेल्या रविवारी पडदा काढला. सकाळचं ऊन आत आलं आणि पहिल्या बाकावरच्या मुख्याध्यापिका, ज्या मान वर करून कोणाकडे बघत नाहीत, त्या पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. पाळक प्रवचनाचं पुढचं वाक्य विसरले. बाहेर पडताना जो तो माझा हात धरून म्हणत होता, काय चेहरा काढलात हो. आणि मी म्हणत होते, प्रभूची कृपा.

आता ऐक, कारण हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. तुला 'ठीक आहे' लिहिलं तेव्हा मी त्या काचेसमोरून हलले नव्हते. कामं पडली, फोन वाजत राहिला. असा चेहरा मी जन्मात पाहिला नाही. थकलेला आहे, हरलेला आहे आणि तरी समोरच्यालाच विचारतोय, तुझं काय? त्याच्याकडे बघून मला भक्ती वाटायला हवी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी विश्वास ठेवते. मी चर्च सोडलं नाही, बाबांना सोडलं नाही, एक रविवार चुकवला नाही. आणि तो जाऊन बसतो कुठे, तर तुझ्या हातात. जी त्याला देव मानत नाही तिला तो दिसतो, आणि मी, जी रोज त्याच्याशी बोलते, मला त्याच्या भुवयाही जमत नाहीत. हा कुठला न्याय आहे ते तुझ्या मास्तरांना विचार.

बाबांना दाखवला. त्यांच्या खुर्चीसमोर काच उजेडात धरली. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत चेहऱ्याकडे, आणि हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. एक हात चालत नाही म्हणून टाळी वाजवता येईना, मांडीवर थापा मारत होते. मला समजलं ते काय ताडून बघत होते. तिचं काम बघ आणि हिचं बघ. मी काच उचलून घेऊन गेले.

पिवळं लावलं आणि भट्टीत ठेवली. तुला माहीत आहे, पिवळ्याला आच कमी लागते. बटण थोडं पुढे सरकवलं असतं तर काच तडकली असती, आणि भट्टीत काच तडकते, कोणी काही विचारत नाही. माझा हात बटणावर होता ठकी. बराच वेळ होता. मग बघितलं तर बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. हात काढला. बाबा तिथे नसते तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही.

एक विचित्र गोष्ट मात्र घडली. पिवळं लावायला काच पालथी केली आणि पाठीमागून चेहऱ्याकडे बघितलं. तो मला ओळखत होता. परक्यासारखा नव्हताच. अगदी रोज भेटणाऱ्या माणसासारखा, जुना, माझं सगळं माहीत असलेला. मी ब्रश ठेवला आणि रडले. मला वाटलं, प्रभूनं मला निदान पाठीमागून तरी ओळख दिली. सरळ केली की परत परका.

पण चर्चमध्ये सरळ बाजूच दिसते. मान वर करते आणि तिथे प्रभू नसतो, तू असतेस, जीभ दातात धरून ब्रश फिरवणारी. प्रार्थना येत नाही. चर्चमध्ये नाही आणि आता भट्टीसमोरही नाही. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा आली होती. हल्ली मुक्यानं काडी ओढते आणि कामाला लागते. माझ्याकडे ती एकच गोष्ट होती जी तुझ्याकडे नव्हती.

तो चेहरा कोणाचा आहे ते सांग. तुमच्या मंडळातल्या कोणा शहाण्याचा असेल तर मी शिडी लावून काढून टाकीन, पाळक काय म्हणायचं ते म्हणू देत.

ताई

२० मे

ताई,

शिडी लावू नकोस, गुडघे आधीच दुखतात तुझे.

तुझा आहे. दाढी मी लावली. डोळे, गाल, ओठांच्या कडेची ती मुरड, कपाळ, सगळं तुझं आहे. बाबांनी बघताक्षणी ओळखलं म्हणून हसले. तुझ्या कामाला नाही हसले, वेडे. तुला दाढीत बघून हसले.

तू ओळखलं नाहीस कारण आपण स्वतःला आरशातच ओळखतो, तिथे डावं उजवं फिरलेलं असतं. काच पालथी केलीस तेव्हा आरशातली तू समोर आलीस. माणूस काचेचं काम करतं जन्मभर आणि एवढं लक्षात येत नाही. बाकीच्यांचं म्हणशील तर, दाढी आणि पिवळं असलं की आत ताई असेल असं कोणाच्या मनात येणार?

आता ती दुपार सांगते. भावोजी गेले ती. डॉक्टरांनी तुला आत बोलावून सांगितलं. मी आणि बाबा बाहेर लांबलचक व्हरांड्यात उभे होतो. बाकावर ती बाई बसली होती, ज्यानं भावोजींना धडक दिली त्या ट्रकवाल्याची बायको. त्याला पोलिसांनी नेलं होतं आणि ती का आली होती ते तिलाच माहीत नव्हतं. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी बघत होते, आणि माझ्या मनात जे येत होतं ते मी इथे लिहिणार नाही. तू दार उघडून बाहेर आलीस. मी हात पुढे केले. तू माझ्या अंगावरून पुढे गेलीस आणि तिच्याशेजारी जाऊन बसलीस. म्हणालीस, काही खाल्लंस का? आणि भावोजींसाठी आणलेला डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवलास.

तेव्हाचा चेहरा आहे तो.

मला वाटलं, हे माणसाला जमतं. माझ्या ताईला जमतं, जी भाजीवाल्याशी भांडते आणि माझी बक्षिसं बघून तापानं फणफणते. मग त्याला जे जमलं ते जमायला देव कशाला असायला हवा? चर्च माझं त्या व्हरांड्यात सुटलं. मास्तर मला पुढे वर्षभरानं भेटले. तू उगाच त्यांना शिव्या घालतेस.

आणि हेव्याचं म्हणशील तर मी तुझ्यावर तेव्हापासून जळतेय. मी तिथेच उभी होते. मला पाय उचलता आला नाही.

ठकी

३ जुलै

ठकी,

तुझ्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. एवढे दिवस निभावलं, आता पुरे.

दाढी लावलीस. मला. पाळक रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघून हात जोडतात, मग बाहेर येऊन मलाच म्हणतात, बाई, शेजारच्या खिडकीतून पाणी गळतंय, कधी बघता? मी मान खाली घालते. हे पाप आहे की विनोद ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शिडी काढली होती. बाबांनी काठी आडवी घातली आणि शिडीच्या पायऱ्यांत अडकवून बसले. संध्याकाळपर्यंत सोडली नाही. शेवटी मीच दमले.

आता त्या दुपारचं. तू पाहिलंस ते खरं आहे, पण तू दाराच्या बाहेर होतीस. डॉक्टर बोलून गेल्यावर मी दाराआड उभी होते. काचेतून मला ती बाई दिसत होती. मला तिचा गळा धरायचा होता ठकी. अलंकारिक बोलत नाही. मुठी वळल्या होत्या. कोणाकडे चांगलं बघावं एवढंही माझ्यात शिल्लक नव्हतं. मी प्रभूला म्हटलं, मला नाही जमणार, जायचं तर तू जा. आणि पाय चालायला लागले. मी तुझ्या अंगावरून पुढे गेले हे मला तुझ्या पत्रातून कळलं. डबा दिला हेही मला नंतर बाबांनी सांगितलं होतं.

तोंड माझं होतं, मान्य. पण ज्यानं तो डबा उघडला तो मी नव्हे. तेवढं मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे.

म्हणजे गंमत बघ. एकच दुपार, एकच बाक. तू तिथून निघालीस ते तो आपल्यासारखा माणूस होता म्हणत, आणि मी निघाले ते तो देव आहे म्हणत, कारण माझ्यासारखीला उचलून चालवायचं काम दुसऱ्या कोणाचं नाही. कोण चुकलं ते त्यालाच माहीत. तू म्हणशील, कोणाला? जाऊ दे.

हेवा काही गेलेला नाही, उगाच साधूसारखं बोलत नाही. हात तुझाच चांगला आहे. शिवाय आता एक नवीनच दुखणं लागलंय. मुख्याध्यापिका त्या चेहऱ्याशी तासन् तास बोलतात, रडतात, हसतातसुद्धा. परवा मी मागच्या बाकावर होते. जाताना मला म्हणाल्या, तुमच्या गेटसमोर गाडी लावलेली असते, काढायला सांगा. त्यांच्या मनातलं सगळं त्या तोंडाला ठाऊक आहे आणि मला गाडीबद्दल ऐकावं लागतं. माझाच मला हेवा वाटतोय. असं कोणाचं झालंय का कधी?

प्रार्थना परत आली. आत बसून नाही. संध्याकाळच्या उपासनेला आत दिवे लागतात, तेव्हा चर्चच्या मागच्या अंगणातून खिडकी उजळलेली दिसते. तिथून चेहरा उलटा दिसतो. मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी राहते. दिसते ती मीच, मला माहीत आहे. मी तिच्याशी बोलत नाही, काळजी नको. त्या दिवशी तिच्या जागी जो गेला त्याच्याशी बोलते. तो ऐकतो. त्यानं मला विचारलं की ठकीला पत्र का लिहीत नाहीस. तू म्हणशील ते मीच मला विचारलं. म्हण.

आता काम. गळणारी खिडकी पाळकांनी नवीनच करायला सांगितली आहे. भुकेल्या गर्दीला भाकर वाटणारा प्रभू. चेहरा तू करायचास, आणि या वेळी चोरून नाही, पाळकांना मी सांगितलंय. ते मोठ्या खिडकीकडे बघत बसले, मग म्हणाले, बरं. तुझ्या मास्तरांना तू सांग.

कोणाचा चेहरा घ्यायचा ते मात्र मी ठरवणार. पाय उचलता आला नाही म्हणून तू इतकी वर्षं मनात घेऊन बसली आहेस. मग त्या दिवशी बाबांना घरी कोणी नेलं? त्यांना भरवलं कोणी? मी परत आले तेव्हा यांचे कपडे आवरून कपाटात कोणी ठेवले होते, माझ्या डोळ्यांसमोर येऊ नयेत म्हणून? माझे केस कोणी विंचरले? तू मला त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस आणि तुझ्या तोंडाकडे बघून मी जेवले. ते तोंड मला आठवतं. तुला नाही आठवणार, आपलं आपल्याला दिसत नाही म्हणून.

तर आरसा समोर घेऊन बस. डावं उजवं सांभाळ. चांगला आला तर मी परत जळेन, ते धरूनच चाल. बाबा चमचा वाजवतायत, म्हणजे हो म्हणतायत.

या वेळी चेहरा तुझा काढ. पिवळं मी लावीन.

ताई